केरी बीच, पेडणे (गोवा): घरचे सगळे घेऊन जाण्यासारखा, पण तिथी बघून जा

गोव्यात शांत बीच कुठला असं कुणी विचारलं की मी केरीच सांगते, आणि त्यातही अख्खा बीच नाही, फेरीच्या धक्क्याकडचा नदीच्या बाजूचा तुकडा. मॅपवर टाकताना नीट बघा हं, सत्तरीत केरी आहे, फोंड्यातही आहे, आपल्याला जायचंय ते पेडणे तालुक्यातलं, गोव्याच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाजवळचं. हरमलहून गाडीने फार वेळ लागत नाही, सावंतवाडीकडून येणार असाल तर आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून या, तासाभरात पोचता आणि तो रस्ता पण मस्त आहे, खाडी आणि माडांमधून जाणारा.

इथे तेरेखोल नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या डोंगरावर तेरेखोलचा किल्ला आहे. समुद्राकडच्या बाजूला व्यवस्थित लाटा असतात पण वळसा घालून नदीच्या बाजूला आलात की त्या डोंगराची आड मिळते, वारा पडतो, पाणी एकदम बारीक बारीक येतं, आणि वाळू इतकी दबलेली की आईचे गुडघे दुखतात तरी ती काठीशिवाय फिरली. कलंगुट-बागाला तिला गाडीतून उतरायचीच इच्छा होत नाही, इथे उठायचं नाव घेत नव्हती. मोठ्या आवाजात गाणी नाहीत, जेट स्की वगैरे आमच्यासमोर तरी काही नव्हतं, मागे सुरूची झाडं आणि मधूनमधून फेरीबोटीचा आवाज, बस एवढंच.

ओहोटीला गेलात तर खाली वाकून वाळूकडे बघा. बारक्या खेकड्यांनी प्रत्येक बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी काढलेली असते, ते वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्यासारखं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात, हे इतक्या भराभर चालतं की आमचा लेक पालथा पडून बघत होता, आणि जराशी सावली पडली की सगळे गायब, मग न हलता थांबायचं, परत एकेक करून वर येतात. थंडीत कुरव (सीगल पक्षी) पण बसलेले असतात वाळूच्या पट्ट्यावर, मुलांना त्यांच्या अंगावर धावत जाऊ देऊ नका प्लीज, दमून बसलेले असतात बिचारे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी शांत दिसतं म्हणून कुठल्याही वेळी उतरायचं नाही. ओहोटी लागली की अख्ख्या खाडीचं पाणी त्या मुखातून बाहेर समुद्रात ओढलं जातं, वरून कळतही नाही, आणि वाळूचा उतार काही ठिकाणी अचानक तुटतो. पोहायला येत असलं तरी त्या ओढीपुढे काही चालत नाही. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, जे येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी-नंतर पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला अकरा-साडेअकराला भरती, मग दुपारभर पाणी बाहेर ओढणार आणि वर उधाण, त्या दिवशी दुपारी फक्त काठावर बसा. अष्टमी-नवमीला उलट, बाराच्या आसपास ओहोटी संपते आणि संध्याकाळपर्यंत पाणी हळूहळू आत येत राहतं, त्यात भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते, म्हणून जोरही कमी. लहान मुलांना घेऊन जायचं तर माझ्या मते हीच दुपार. हा हिशोब ढोबळ आहे, नेमकी वेळ मोबाईलवर बघून घ्याच, जीवरक्षक दिसले तर त्यांना विचारा, आणि मुलं घोट्यापर्यंतच्या पाण्यात असली तरी मोठं कुणीतरी त्यांच्या आणि नदीच्या मध्ये उभं पाहिजे. पावसाळ्यात तर पाण्यात उतरायचा विषयच काढू नका.

फेरी चुकवू नका. दहा मिनिटांचं पण काम नाही, पण मधोमध गेल्यावर एकीकडे खाडी आत वळत गेलेली आणि दुसरीकडे मोकळा समुद्र दिसतो. पाणी फार उतरलं की कधीकधी फेरी थांबवतात, त्यामुळे गाडी घेऊन पलीकडे जाणार असाल तर आधी धक्क्यावर विचारा. तेरेखोल गाव नदीच्या पल्याड, महाराष्ट्राला चिकटून, तरी गोव्यात, कारण १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला तो घेतलाच. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता, गोवा सुटायला अजून सात वर्षं होती तेव्हा. मुलांना हे वाळूत बसून किल्ला दाखवत सांगितलं तर लक्षात राहतं, पुस्तकातून राहत नाही. तसंच पुढे गेलं की रेडी, गणपतीचं दर्शन होतं.

खाण्याचं बोलायचं तर मोजकीच ठिकाणं आहेत. आम्ही जिथे जेवलो तिथे बांगडा रवा फ्राय एकदम ताजा, हुमणाला (माशाच्या आमटीला) तिरफळाचा वास बरोबर लागलेला, सोलकढी मात्र पाणीदार आणि ऑर्डर यायला पाऊण तास लागला, मुलं भुकेने रडकुंडीला आली. पोचल्या पोचल्या ऑर्डर सांगून ठेवा आणि मगच पाण्याकडे वळा. बाथरूमची सोय यथातथाच, कपडे बदलायला म्हातारी माणसं अवघडतात, हे सुधारायलाच हवं.

अजून एक मनापासून सांगते, समुद्राच्या बाजूला धूप होऊन सुरूची कितीतरी झाडं आडवी झालीयेत, बघून वाईट वाटतं. जी उभी आहेत त्यांच्या मुळाशी बाटल्या फोडून टाकलेल्या होत्या, आम्ही एक पिशवीभर काचा उचलल्या, पण त्या वाळूत लहान मुलं अनवाणी पळतात हो. पिकनिक करा, जरूर करा, आणलेलं सगळं परत गाडीत टाका.

पाच पैकी साडेचार. अर्धा बाथरूमचा कापला. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, शनिवार-रविवार सोडून जा, कॅश जवळ ठेवा, आणि म्हाताऱ्यांसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका, बसायला तिथे काही नाही.