जुन्या पिकअपला ट्रेलर जोडताना: पिन की बॉल, बिनब्रेकचा की ब्रेकचा?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मंडपवाल्यांकडे आणि केटरिंगवाल्यांकडे जुनी बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ हमखास असते. जनरेटरचा नाहीतर पाइपांचा ट्रेलर मागे जोडला की दुसऱ्या गाडीचं भाडं वाचतं, हा हिशेब बरोबरच आहे. बोलेरोचं इंजिन २५२३ सीसीचं, २०७ डीआयचं २९५६ सीसीचं. दोन्हींना भक्कम चेसिस, मागे पाटे आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह. इंजिन नि क्लच धड असेल तर टनभर ट्रेलर या गाड्या ओढतात. खरा निर्णय जोडणीचा आणि ब्रेकचा आहे, आणि तो तुमचा रस्ता चिक्कोडी-अथणीकडच्या सपाटीचा आहे की गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाचा, यावर ठरतो.

आधी जोडणी. ट्रॅक्टर-ट्रॉलीची पिन सगळ्यांच्या ओळखीची. स्वस्त, कुठेही मिळते, बांधावर ट्रॉली कितीही वाकडी झाली तरी अडकत नाही. पण पिन आणि भोकात ढिलाई असते. ट्रॅक्टरच्या वेगाला ती चालून जाते. पिकअप पन्नासने पळू लागली की प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक गिअरला मागून ठोका बसतो. काही महिन्यांत भोक लांबट होतं आणि ब्रॅकेटच्या वेल्डिंगला चिरा पडतात. बॉलच्या जोडणीत, म्हणजे गाडीच्या गोळ्यावर ट्रेलरचा वाटीसारखा कपलर बसतो त्यात, ही ढिलाई जवळजवळ नसते, त्यामुळे डांबरी रस्त्यावर ट्रेलर शांतपणे मागे येतो. अट एवढीच, की बॉल आणि कपलर एकाच मापाचे हवेत. ५० मिमीचा बॉल असेल तर कपलरही ५० मिमीचाच.

शेतात जायचं असेल तर पिन, हायवेला बॉल, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत उत्तम बनतं, पण बॉल तिथे ओतून घेऊ नका. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, मान तुटली की ट्रेलर सुटला. ठोकून घडवलेला (फोर्जिंगचा), मापाचा शिक्का असलेला तयार बॉल घ्या. ब्रॅकेट बंपरला न लावता चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्टने आवळा. सेफ्टी साखळ्या ट्रेलरच्या पुढच्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर निसटला तरी दांडी रस्त्यात रुतत नाही.

भार किती पडतो ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर यायला हवा. फार कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलतो. मोजायला साधा काटा पुरतो: फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर ठेवा, आणि विटेपासून एक फूट, काट्यापासून दोन फूट अंतरावर दांडी टेकवा. नुसत्या फळीने काट्यावर दिसणारा आकडा वजा करून जे उरेल त्याला तीनने गुणा. १५०० किलोच्या ट्रेलरला १५० किलो यायला हवेत. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या बराच मागे असल्यामुळे या १५० किलोंचे मागच्या चाकांवर दोनशेच्या आसपास होतात आणि पुढची चाकं वरच्या पन्नासेक किलोंनी हलकी पडतात. हौद्यात आधीच पूर्ण माल असेल तर हा भार जास्तीचाच. पाटे वाढवून गाडी वर दिसेल, आरसीवरची मर्यादा मात्र वाढत नाही.

आता ब्रेक. बिनब्रेकचा ट्रेलर स्वस्त, हलका आणि देखभालीला सोपा. पाच-सहाशे किलोपर्यंत, सपाट रस्त्यावर तो ठीक आहे. त्यापुढे मी घेणार नाही. तवंदी किंवा वंटमुरी घाटाच्या उतारावरसुद्धा ट्रेलरचा सगळा धक्का गाडीच्या जुन्या ब्रेक लायनरांवर येतो. धक्क्यावर चालणारा ब्रेक, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचे ब्रेक शूज आवळतात, हा मधला चांगला पर्याय. वायरिंग नको, मेकॅनिकला समजतो. पण लांब उतारावर इंजिन ब्रेकिंग करतानाही रेटा चालूच राहतो, शूज तापतात. चोर्ल्यातून गोव्यातल्या केरीकडे उतरताना याची खरी परीक्षा होते. मध्ये थांबून ड्रमांना निवायला वेळ द्यावा लागतो. रिव्हर्समध्येही ब्रेक लागतो, त्यासाठी लॉक किंवा ऑटो-रिव्हर्स (मागे घेताना ब्रेक आपोआप सुटण्याची सोय) असलेला घ्या. विजेचा ब्रेक १२ व्होल्टवर चालतो, आणि ट्रेलर हलायला लागला तर केबिनमधून फक्त त्याचाच ब्रेक दाबता येतो. घाटासाठी तोच सर्वात चांगला, पण महाग आहे आणि इथे दुरुस्त करणारा शोधावा लागतो.

महिन्यातून दोन-चारदा गोव्याला माल न्यायचा असेल तर जुन्या पिकअपला ट्रेलर लावण्यापेक्षा मोठी गाडी भाड्याने घ्या. सपाटीवरच्या कामाला मात्र बॉल आणि धक्क्याचा ब्रेक ही जोडी पुरेशी आहे. त्याआधी रेडिएटर साफ करून घ्या, क्लच प्लेट तपासा. चढावर भरल्या ट्रेलरनिशी गाडी सोडताना जुनी प्लेट पहिली जळते.

ट्रेलरची नोंदणी वेगळी होते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे लागतो. ब्रॅकेट बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. गाडीच्या विम्यात ट्रेलर धरला आहे का, हेही एजंटकडून लेखी घ्या.