पिंग, टेलनेट की इको: एक्स-रे नागपूरला पोचतोय का, हे बघायचं कशाने?

तालुक्याला डिजिटल एक्स-रे लागला आणि रिपोर्ट नागपूरहून येऊ लागले, की फोटो अडकल्यावर पहिला फोन आपल्यालाच येतो. "भाऊ, फोटो जाऊनच नाही राहिले." यवतमाळ जिल्ह्यातले असे चार-पाच दवाखाने मी सांभाळतो. मी काही नेटवर्कचा पंडित नाही, पण पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का), टेलनेट (त्या मशीनचा ठराविक पोर्ट, म्हणजे सर्व्हिसचं दार, उघडा आहे का) आणि इको (फोटो पाठवायच्या डायकॉम भाषेतच 'ऐकू येतंय का' विचारणं) हे तिन्ही उपाय वापरून झालेत.

पिंगला मी नावं ठेवणार नाही. लाईन जाऊन आली, राउटर चालू झाला, व्हीपीएन (नागपूरपर्यंतचा खाजगी जोड) मात्र झोपलेलाच, हे आपल्याकडचं रोजचं दुखणं आणि ते पिंगला लगेच दिसतं. चार ओळी येतात, टेक्निशियन फोनवर वाचून दाखवतो. फक्त, पिंगला उत्तर आलं नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असं धरू नका. बऱ्याच ठिकाणी फायरवॉल पिंग अडवते आणि फोटो मजेत जात असतात. उलटंही होतं: मशीन जिवंत, पण पॅक्सची (फोटो घेऊन साठवणाऱ्या प्रणालीची) सर्व्हिस बंद. पिंगचा पोर्टशी संबंधच नसतो.

पोर्ट बघायला टेलनेट. विंडोजमध्ये ते आधी चालू करून घ्यावं लागतं, तेवढं सोडा. पण ते यशस्वी झालं की रिकामी काळी खिडकी उघडते. "सर, काहीच नाही आलं, स्क्रीन काळी झाली. बंद करू काय?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी विंडोजच्याच पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडवर आलो. पोर्ट द्यायचा, मग तो १०४ असो, ११११२ असो की ऑर्थँक या फुकट पॅक्स सर्व्हरचा ४२४२, आणि शेवटी 'ट्रू' येतं की 'फॉल्स' ते विचारायचं. कोणालाही जमतं. वर्षभर माझं त्यावर छान भागलं.

मग पांढरकवड्याच्या पलीकडच्या एका दवाखान्यात कन्सोलचा (एक्स-रे मशीन चालवतो तो) पीसी फॉरमॅट झाला. टेक्निशियनने सगळं रजिस्टरमधून बघून पुन्हा भरलं. फोटो जाईनात. पिंग ठीक, पोर्ट ट्रू. मी छातीठोकपणे नागपूरला कळवलं की घोळ तुमच्याकडे आहे. ते म्हणाले, बाकी सगळ्यांचे फोटो येताहेत. या तू-तू-मैं-मैंत दोन दिवस गेले आणि पेशंट सीडी घेऊन नागपूरला. शेवटी पावसात गाडी काढली, लॅपटॉपवरून इको मारला, कन्सोलमध्ये भरलेलीच नावं जशीच्या तशी देऊन. उत्तर लगेच आलं: 'कॉल्ड एई टायटल नॉट रेकग्नाइझ्ड'. एई टायटल म्हणजे डायकॉममधलं मशीनचं नाव, आणि कॉल्ड म्हणजे ज्याला हाक मारली त्याचं. दार उघडंच होतं, आम्ही हाक चुकीच्या नावाने मारत होतो.

रजिस्टर उघडून पाहिलं. सर्व्हरच्या नावात मधे अंडरस्कोअर होता आणि रेघी कागदावर तो बरोब्बर छापील रेघेवर बसलेला. दिसणार कसा? पोराने तिथे स्पेस दिली होती. एई टायटलमध्ये सोळा अक्षरांपर्यंत काहीबाही चालतं, मधली स्पेससुद्धा, म्हणून कन्सोलने कुरकुर केली नाही. लहान-मोठ्या लिपीचाही फरक पडतो, हे जाता जाता. पोर्ट तपासणाऱ्याला हे कळणं शक्यच नाही. तो नाव विचारतच नाही.

तेव्हापासून माझा हात आधी इकोकडे जातो. कन्सोलवर बहुधा 'व्हेरिफाय' बटण असतंच आणि ते कन्सोलच्याच सेटिंगने जातं, म्हणून पहिलं तेच दाबायला सांगतो. पण कितीतरी कन्सोल नुसतं 'फेल्ड' म्हणून गप्प बसतात. कारण हवं असेल तर डीसीएमटीके या डायकॉम साधनांच्या संचातलं इकोएससीयू. फुकट आहे. त्यात दोन्ही नावं, आपलं आणि सर्व्हरचं, स्वतः द्या. नाही दिली तर ते सर्व्हरला 'एनी-एससीपी' म्हणून हाक मारतं आणि काटेकोर सर्व्हर नकार देतो. मग नसलेलं दुखणं शोधत बसाल.

इकोही सगळं सांगत नाही, हे कबूल. इको हिरवा आणि फोटो तरी अडकलेले, असं होऊ शकतं: सर्व्हरची डिस्क भरलेली, किंवा त्या प्रकारचा फोटो तो घेतच नाही. ऑर्थँक तर मूळ सेटिंगमध्ये अनोळखी मशीनच्या इकोलाही उत्तर देतो, आणि कॉल्ड नावाची तपासणीही करत नाही. तिथे माझ्या या गोष्टीचा उपयोग कमी. म्हणून शेवटी एक चाचणीचा फोटो पाठवूनच बघावा. नागपूरकडे व्हीपीएन असेल तर पिंगही सोडू नका. लाईन गेल्यानंतरची पहिली दोन मिनिटं त्याचीच.

एक अडचण इकोएससीयूचीही: जमलं तर ते काहीच बोलत नाही. पुन्हा तीच काळी स्क्रीन! त्याला 'व्ही' हा पर्याय जोडला की 'रिसीव्हड इको रिस्पॉन्स, सक्सेस' अशी ओळ येते. आता प्रत्येक कन्सोलशेजारच्या पीसीवर मी एक बॅच फाईल (डबल-क्लिक केली की हीच कमांड चालते) ठेवतो, नाव 'नागपूर लागते काय'. शेवटी पॉज टाकायला विसरू नका, नाहीतर खिडकी मिटते आणि पोरगा फोनवर म्हणतो, "आली होती सर काहीतरी, गेली."