देल तोरोच्या तीन चित्रपटांचा क्रायटेरियन संच: घ्यावा का, आणि कोणत्या क्रमाने बघावा

आधी व्यवहाराचं बोलू, कारण पैसे वाया जातात ते इथेच. 'त्रिलोहिया दे गिएर्मो देल तोरो' हा मेक्सिकन दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोच्या तीन चित्रपटांचा ब्लू-रे संच, निवडक चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीचा, ऑक्टोबर 2016मध्ये आला. ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे विभाग पाडलेत आणि हा संच 'रीजन ए'साठी कुलूपबंद आहे. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, जपान या देशांतल्या प्लेअरवर तो चालतो. भारत पडतो 'रीजन सी'मध्ये आणि युरोप 'बी'मध्ये. त्यामुळे भारतात घेतलेल्या साध्या प्लेअरमध्ये किंवा इथल्या प्लेस्टेशनमध्ये डिस्क घातली तर पडद्यावर चुकीच्या रीजनची सूचना येते आणि गाडं तिथेच अडतं. डिस्क खराब आहे असं समजून ती परत पाठवण्याच्या फंदात पडू नका. रीजन-फ्री प्लेअर असेल तरच मागवा. तोही 'डीव्हीडीसाठी रीजन-फ्री' आहे की 'ब्लू-रेसाठी', हे विक्रेत्याकडून नीट विचारून घ्या. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि जाहिरातीत बहुतेक वेळा पहिलीच लिहिलेली असते.

अमेरिकेत राहणाऱ्यांना ही अडचण नाही. छापील किंमत सुमारे 100 डॉलर आहे, पण त्या किमतीला घेण्याची घाई करू नये. बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानांत जुलै आणि नोव्हेंबरच्या सुमारास क्रायटेरियनच्या डिस्क निम्म्या दरात मिळतात. भारतात येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत टाकून आणणं हा कुरिअर आणि सीमाशुल्कापेक्षा केव्हाही स्वस्त मार्ग, फक्त वजनाचा अंदाज घ्या. संचात 100 पानांचं पुठ्ठा-बांधणीचं पुस्तक आहे.

आता मालाकडे. संचात 'क्रोनोस' (1993), 'द डेव्हिल्स बॅकबोन' (2001) आणि 'पॅन्स लॅबिरिंथ' (2006) आहेत. पहिला मेक्सिकोत बनलेला, पुढचे दोन स्पेनमध्ये. तिन्ही स्पॅनिश भाषेत आणि तिन्हींचं छायांकन गिएर्मो नावारो यांचं. देल तोरो हा ग्वादालाहाराचा माणूस. मेकअपचं शिक्षण त्याने डिक स्मिथ यांच्याकडे घेतलं, नंतर स्वतःची स्पेशल इफेक्ट्सची कंपनी चालवली आणि मग दिग्दर्शनात आला. हॉलिवूडच्या पैशाने बनवलेलं त्याचं मोठं काम या संचात नाही, आणि संचाची ताकद व कमतरता दोन्ही त्यातच आहेत. ज्या चित्रपटांत त्याला कुणी अडवलं नाही तेवढेच इथे एकत्र आलेत.

अडवलं गेलेला चित्रपट म्हणजे 'मिमिक' (1997). 'क्रोनोस'ला कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात पुरस्कार मिळाला आणि मेक्सिकोत नऊ आरिएल (तिथले मानाचे चित्रपट पुरस्कार) मिळाले. त्या जोरावर देल तोरो मिरामॅक्स या अमेरिकी चित्रपट कंपनीच्या डायमेन्शन विभागाकडे गेला. तिथे निर्मात्यांशी इतकं बिनसलं की अंतिम संकलन त्याच्या हातातून गेलं. त्याच सुमारास ग्वादालाहारात त्याच्या वडिलांचं अपहरण झालं. खंडणी भरल्यावर 72 दिवसांनी ते सुटले आणि कुटुंबाने देश सोडला. 'डेव्हिल्स बॅकबोन'मधला कोंडलेला राग, युद्धाच्या कडेला टाकून दिलेली मुलं, मोठ्यांवरचा अविश्वास, हे सगळं या दोन घटनांनंतरचं आहे. संच बघणाऱ्याला ही कडी डिस्कमधून नीटशी मिळत नाही. म्हणून सल्ला असा: 'मिमिक'ची 2011मध्ये आलेली दिग्दर्शकाची आवृत्ती वेगळी मिळवा आणि पहिल्या-दुसऱ्या डिस्कच्या मध्ये बघा. दुसऱ्या युनिटने (त्याच्याशिवाय वेगळं चित्रीकरण करणाऱ्या तुकडीने) घेतलेली दृश्यं त्याने त्यात काढून टाकली आहेत. चित्रपट तरीही अर्धामुर्धाच राहतो. पण भुयारातला ओलसर अंधार, किडे, धार्मिक मूर्ती आणि एकटं पडलेलं मूल बघितलं की पुढची डिस्क दुप्पट उलगडते. शिवाय 'मिमिक'चा छायाचित्रकार डॅन लाउस्टसेन. 'क्रिमसन पीक'पासून पुढे 'द शेप ऑफ वॉटर' आणि 'नाइटमेअर अ‍ॅली'साठी देल तोरो त्याच्याकडेच परत गेला. म्हणजे या संचात आहे तो नावारो-काळ, आणि पुढच्या ऑस्करवाल्या काळाचं मूळ मात्र संचाबाहेर राहिलंय.

'क्रोनोस'ची डिस्क 2010च्या सुट्या आवृत्तीवर आधारलेली आहे. आवाज फक्त दोन चॅनेलचा. घरी पाच-सात स्पीकर लावलेल्यांची थोडी निराशा होईल, पण मूळ मिश्रणच तसं आहे आणि ते उगाच फुगवलेलं नाही हे बरंच झालं. चित्रपट सुरू करण्यापूर्वी मेन्यूत जाऊन प्रास्ताविकाचं मूळ स्पॅनिश निवेदन निवडा. ते ऐच्छिक ठेवलेलं आहे आणि नजरेतून सहज सुटतं. कॉमेंटरी, म्हणजे चित्रपट चालू असताना त्यावर केलेलं भाष्य, दोन आहेत. देल तोरोची ऐकाच. बेर्ता नावारो आणि इतर निर्मात्यांची दुसरी कॉमेंटरी ज्यांना पैशाचं गणित समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी. सुमारे 20 लाख डॉलरचा हा चित्रपट तेव्हाच्या मेक्सिकोत महागडाच होता, आणि तो पुरा करताना काय काय ओढाताण झाली ते तिथे कळतं.

या डिस्कवरचा खरा ठेवा म्हणजे 'हेओमेत्रिया' ही छोटी फिल्म. 1987मध्ये शूट केलेली आणि 2010मध्ये पूर्ण केलेली. भूमितीत नापास होणारा मुलगा सैतानाला बोलावतो आणि आकृती काढतानाच चुकतो. इटालियन भयपटांसारखे भडक निळे-लाल दिवे, काटकसरीचा मेकअप आणि शेवटी एक खट्याळ विनोद. पुढच्या तीस वर्षांचं बीज यात सापडतं असं म्हणणं जरा जास्त होईल, पण रंगाने गोष्ट सांगायची खोड तेव्हापासूनची आहे एवढं नक्की. 'वेलकम टू ब्लीक हाउस' ही त्याच्या संग्रहाने भरलेल्या घराची सफर मजेदार आहे, पण एकदाच.

'डेव्हिल्स बॅकबोन' हा तिघांतला सगळ्यात नेटका चित्रपट. गाजावाजा नेहमी तिसऱ्याचा होतो, हे न्यायाचं नाही. पटकथेचा पहिला खर्डा देल तोरोने विद्यार्थी असताना लिहिला, तेव्हा ती मेक्सिकन क्रांतीत घडत होती. स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवार आणि त्याच्या भावाच्या 'एल देसेओ' कंपनीने पैसे घालायचं ठरवलं, तेव्हा ती 1939च्या स्पेनमध्ये नेली. अनाथाश्रम, अंगणात रुतलेला न फुटलेला बॉम्ब, तळघरातलं पाण्याचं टाकं. भूताकडे जरा नीट बघा. सांती नावाच्या त्या मुलाच्या कपाळावरच्या जखमेतून रक्त खाली ओघळत नाही, ते धुरासारखं वर चढतं. त्याच्याभोवती गाळाचे कण तरंगत असतात. कोरड्या खोलीत उभा असतानाही तो पाण्यातच असतो. चेहऱ्यावर चिनीमातीच्या तडकलेल्या बाहुलीसारख्या भेगा आहेत. कारण कळायला अर्धा चित्रपट जावा लागतो, पण पुरावा पहिल्याच दर्शनात दिलेला आहे. संचातल्या 2के ट्रान्स्फरमध्ये (फिल्मवरून उतरवलेल्या डिजिटल चित्रात) हे कण सुटे दिसतात. स्ट्रीमिंगच्या दाबलेल्या चित्रात अंधारातले असे बारकावे पहिले मार खातात आणि तिथे नुसता करडा धूर उरतो.

या डिस्कवर सेबास्तियान फाबर या अभ्यासकाची स्पेनच्या यादवी युद्धावरची मुलाखत आहे. ती बघायला विसरू नका. प्रजासत्ताकवाले कोण, फ्रँकोचे राष्ट्रवादी कोण, 1939मध्ये सोनं लपवून ठेवण्याची वेळ का आली, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला सहसा ठाऊक नसतं. तिसऱ्या डिस्कवर अशी सोय नाही, त्यामुळे हीच मुलाखत दोन्ही चित्रपटांना पुरवायची. गाळलेल्या चार दृश्यांपेक्षा दिग्दर्शकाची वही आणि स्केचपासून पडद्यापर्यंतची तुलना जास्त मोलाची आहे. स्टोरीबोर्ड काढणाऱ्यांनी तर ती थांबवून-थांबवून बघावी.

'पॅन्स लॅबिरिंथ'साठी नवं कलर ग्रेडिंग (रंगांची जुळवणी) देल तोरोच्या देखरेखीखाली झालंय. जुन्या अमेरिकन ब्लू-रेवर दाणेदारपणा पुसून टाकण्याच्या नादात चेहरे मेणाचे झाले होते. इथे फिल्मचा पोत परत आलाय. कथेतल्या क्रूर कॅप्टन विदालच्या गिरणीतले थंड निळे-करडे रंग आणि भुयारातले उबदार सोनेरी-लाल यांच्यातला भेद कथेचा कणा आहे, त्यामुळे टीव्हीच्या सेटिंगकडे लक्ष द्या. 'व्हिव्हिड' काढा, 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, मोशन स्मूदिंग बंद करा आणि खोलीतला दिवा मालवा. साध्या एलईडी टीव्हीवर रात्रीची निळी दृश्यं राखाडी दिसली तर ब्राइटनेस वाढवू नका, त्याने काळा रंग आणखी विटतो. बॅकलाइट कमी करून बघा.

आवाज 7.1चा, म्हणजे आठ चॅनेलचा आहे. हेडफोनसाठी वेगळा ट्रॅकही दिलाय. रात्री शेजाऱ्यांची झोपमोड न करता बघायचं असेल तर तो चांगला चालतो. इंग्रजी सबटायटल्स खुद्द देल तोरोने लिहिलेली आहेत. 'डेव्हिल्स बॅकबोन'च्या वेळच्या सबटायटल्सवर तो नाराज होता, म्हणून. आपल्याला इंग्रजी वाचतच चित्रपट बघायचाय, तेव्हा ही छोटी गोष्ट नव्हे. वाक्यं आखूड आहेत आणि नजर चित्रावरून फार ढळत नाही.

नट डग जोन्सची मुलाखत अजिबात टाळू नका. फॉन (शिंगांचा वनदेव) आणि तळहातात डोळे असलेला राक्षस पेल मॅन, दोघंही तोच. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, तरी त्याने स्वतःचे संवाद तर पाठ केलेच, नायिका असलेल्या लहान मुलीचेही केले, कारण डोक्यावरच्या मुखवट्यातल्या मोटारींच्या आवाजात तिचं बोलणं त्याला ऐकू यायचं नाही आणि आपली पाळी कधी येते ते कळायचं नाही. पेल मॅनच्या मेकअपमधून त्याला दिसायचं ते नाकपुड्यांच्या भोकांतून. पडद्यावर ऐकू येतो तो आवाज मात्र दुसऱ्या नटाचा. छायांकन, कलादिग्दर्शन आणि मेकअप अशी तीन ऑस्कर या चित्रपटाला मिळाली. मेकअपचं दावीद मार्ती आणि मोन्से रिबे या जोडीचं, आणि त्यांच्याच कार्यशाळेने आधी सांतीचं भूतही घडवलं होतं. दोन्ही डिस्क पाठोपाठ बघितल्या की हात ओळखू येतो. फेदेरिको लुप्पी हा अर्जेंटिनाचा नटही तिन्ही चित्रपटांत आहे. तिसऱ्यात तो कुठे आहे ते सांगत नाही.

पुस्तकात लेखक नील गेमन यांची प्रस्तावना आहे आणि समीक्षकांचे निबंध आहेत. निबंध ठीकठाक. स्केचेस आणि निर्मितीच्या टिपणांची पानं मात्र पुन्हा उघडावीशी वाटणारी. चित्रपट आधी बघा, मग पुस्तक, नाहीतर शेवट आधीच कळतील.

'क्रोनोस' आणि 'डेव्हिल्स बॅकबोन' क्रायटेरियनच्याच सुट्या ब्लू-रेमध्ये आधीपासून असतील तर संच घेऊ नका. त्या डिस्कवरचं बहुतेक सगळं तेच आहे आणि तिसरा चित्रपट सुटाही मिळतो. संचात 4के, म्हणजे ब्लू-रेहून जास्त बारकाव्यांची डिस्क एकही नाही. 'पॅन्स लॅबिरिंथ'ची 4के आवृत्ती वॉर्नरने 2019मध्ये काढली. 4के डिस्कना रीजनचं कुलूप नसतं, म्हणून भारतात 4के प्लेअर असणाऱ्यांना तीच सोपी पडेल. तिच्यासोबत येणारी साधी ब्लू-रे चालेलच असं धरून चालू नका. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही आणि प्लेअरचा प्रश्न सुटलेला आहे, त्यांनी सवलतीच्या दिवसांत संच घ्यावा आणि 'मिमिक'साठी थोडे पैसे बाजूला ठेवावेत.