कंपनीचे मूल्यांकन: संस्थेचा रोख प्रवाह की भागधारकांचा?

भविष्यातील रोख प्रवाहावरून मूल्य काढताना प्रवाह कोणाचा मोजायचा, हे आधी ठरवावे लागते. संस्थेच्या मुक्त रोख प्रवाहात (कर, भांडवली खर्च व खेळत्या भांडवलातील वाढ भागवून, पण व्याज देण्यापूर्वी उरणारी रोकड) कर्जदाते आणि भागधारक या दोघांचा वाटा असल्यामुळे तो आजच्या मूल्यात आणण्यासाठी भांडवलाच्या भारित सरासरी खर्चाचा (कर्ज व समभाग यांच्या खर्चाची त्यांच्या वाट्यानुसार काढलेली सरासरी) दर लावतात व आलेल्या मूल्यातून निव्वळ कर्ज (एकूण कर्जातून हातातील रोकड वगळून) वजा करतात. भागधारकांच्या प्रवाहाला (व्याज देऊन आणि कर्जाची उचल-परतफेड धरून त्यांच्यासाठी उरणारी रोकड) मात्र केवळ समभागाच्या अपेक्षित परताव्याचा दर लावतात. या दरांची अदलाबदल ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे.

समजा, एका कारखान्याचा व्याज व करापूर्वीचा नफा १०० कोटी, कर २५ टक्के, घसारा २० कोटी, भांडवली खर्च ४० कोटी आणि खेळत्या भांडवलातील वाढ १० कोटी आहे. संस्थेचा प्रवाह ४५ कोटी येतो. व्याज ३० कोटी असून त्याच वर्षी ५० कोटींचे नवे कर्ज घेतले, तर व्याजावरील करबचत धरून भागधारकांचा प्रवाह ७२.५ कोटी दिसतो. त्याऐवजी २० कोटींची परतफेड केली असती, तर तो अवघा २.५ कोटी उरला असता. धंदा तोच, आकडा मात्र पूर्ण वेगळा! म्हणून कर्जाची पातळी सतत बदलणाऱ्या पोलाद, सिमेंट किंवा वीज कंपन्यांसाठी मी पहिलीच पद्धत निवडेन.

बँकेच्या बाबतीत हा निर्णय उलटतो, कारण ठेवी हा तिचा कच्चा मालच असल्याने कर्ज आणि व्यवसाय वेगळे काढता येत नाहीत. तेथे भागधारकांचा प्रवाह, म्हणजे नियामकाने ठरवलेले भांडवल राखून उरणारी रक्कम, हाच योग्य आधार ठरतो.