रिओ नेग्रोकाठची शाळा : तास उत्तम, होडीचा भरवसा नाही

ब्राझीलच्या अमाझोनास राज्यात नदीकाठच्या वस्तीतील मुलाला प्राथमिक शिक्षणानंतर पुढे शिकायचे, तर एकेकाळी घर सोडून शहरात नातेवाइकांकडे राहावे लागे, आणि बऱ्याचदा मुलापाठोपाठ सारे कुटुंबच जंगल सोडून राज्याची राजधानी मानाउसच्या कडेच्या झोपडवस्तीत दाखल होई. हे स्थलांतर थांबावे म्हणून राज्य सरकारने आणि एका सेवाभावी प्रतिष्ठानाने जी व्यवस्था उभी केली, तिला देणगी देण्याच्या किंवा तेथे पाहुणा म्हणून जाऊन राहण्याच्या विचारात असलेल्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे.

या व्यवस्थेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे २००७ मध्ये सुरू झालेले राज्याचे शैक्षणिक माध्यम केंद्र. मानाउसमधील स्टुडिओत विषयशिक्षक शिकवतात, तो तास उपग्रहामार्फत दूरदूरच्या वस्त्यांतील वर्गांत एकाच वेळी दिसतो, आणि वर्गात कॅमेरा व मायक्रोफोन असल्याने मुलांना तेथल्या तेथे शंका विचारता येते. नुसता पडदा लावून मोकळे होण्याची चूक येथे केलेली नाही. प्रत्येक वर्गात एक शिक्षक प्रत्यक्ष हजर असतो, तो मुलांकडून उदाहरणे सोडवून घेतो आणि मागे पडणाऱ्यांकडे लक्ष देतो. अर्थात या एकट्या माणसाला भौतिकशास्त्रापासून पोर्तुगीज साहित्यापर्यंत सगळे निभावून न्यावे लागते, आणि असंख्य वर्ग एकाच तासाला जोडलेले असताना लाजऱ्या मुलाची पाळी येणे कठीणच. तरीही घरी राहून माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याची जी सोय यातून झाली, तिला मी पूर्ण गुण देईन.

प्रतिष्ठानाचे काम याला जोडून चालते. राज्य सरकार आणि ब्राडेस्को बँक यांनी मिळून २००७ च्या अखेरीस स्थापन केलेली ही संस्था राखीव जंगलांतील वस्त्यांमध्ये शाळा, शिक्षकांचे निवास आणि लांबून येणाऱ्या मुलांच्या मुक्कामाची सोय एकाच आवारात उभी करते. असे एक केंद्र रिओ नेग्रोकाठच्या तुंबिरा या वस्तीत आहे. रिओ नेग्रो शाश्वत विकास राखीव क्षेत्र २००८ मध्ये जाहीर होईपर्यंत या भागात लाकूडतोड हा पोटापाण्याचा मोठा आधार होता. आता तुंबिरात गावकऱ्यांनीच चालवलेली पाहुणेघरे आहेत. शिक्षकाच्या निवासाची सोय ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण जेथे रोज ये-जा करणे अशक्य आहे, तेथे चांगला शिक्षक टिकतो की नाही हे बहुतांशी त्यावरच ठरते.

कुटुंबांना थेट मिळणाऱ्या पैशाबाबत मात्र मी इतका उदार होऊ शकत नाही. बोल्सा फ्लोरेस्ता ही योजनाही २००७ चीच. नवे जंगल तोडायचे नाही, मांडिओकाची (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याची) शेती पूर्वी साफ केलेल्या जमिनीवरच करायची आणि मुलांना शाळेत पाठवायचे, या अटींवर दरमहा ५० रेआल (ब्राझीलचे चलन) घरातील स्त्रीच्या नावावर जमा होत. स्त्रीच्या नावावर पैसे देण्याचा निर्णय निःसंशय शहाणपणाचा होता. परंतु योजना सुरू झाली तेव्हा देशातील किमान वेतन ३८० रेआल होते आणि २०१९ मध्ये ते ९९८ झाले, तरी ही रक्कम जागची हलली नाही. पुढे ती १०० रेआल झाली, तेव्हाही किमान वेतनाशी असलेले तिचे मूळचे प्रमाण भरून निघाले नाही. जंगल राखण्याचा मोबदला म्हणून हे फारच थोडे आहे. शिवाय बँकेपर्यंत जायचे म्हटले तर होडीच्या इंधनातच त्यातला मोठा वाटा संपू शकतो.

खरी दुबळी बाजू होडीचीच आहे. मानाउसपाशी रिओ नेग्रोची पातळी दरवर्षी साधारण १० मीटरने चढते आणि उतरते, आणि हे येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरून जगत आले आहेत. पण जून २०२१ मध्ये ती ३०.०२ मीटर या उच्चांकावर गेली, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये १२.७० मीटरपर्यंत खाली आली, आणि १९०२ पासून ठेवलेल्या नोंदींतील हा नीचांक पुढच्याच वर्षी मोडला. पाणी असे आटले की लहान ओढे कोरडे पडतात, शाळेची होडी वस्तीपर्यंत पोहोचत नाही, आणि जनित्राचे डिझेल व मुलांच्या जेवणाचे सामानही अडकून पडते. उपग्रह आकाशात नीट काम करत असतो. वर्गात मूल नसते. जेवणाच्या बाबतीत एक चांगली तरतूद आहे. शालेय आहारासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदी करण्यास वापरावी, असे २००९ च्या कायद्याने ठरवले, आणि २०२६ पासून हे किमान प्रमाण ४५ टक्के झाले आहे. जवळच्याच वस्तीतील मासे, केळी आणि मांडिओकाचे पीठ ताटात आले, तर शहरातून येणाऱ्या डबाबंद मालावरचे अवलंबित्व तेवढे कमी होते.

देणगीदारांनी येथे थोडे सावध असावे. इमारतीसाठी पैसा उभा राहतो: याच राज्यातील जुमा राखीव क्षेत्रासाठी मॅरियट हॉटेलसमूहाने २००८ मध्ये चार वर्षांत २० लाख डॉलर देण्याचे जाहीर केले होते, आणि अशा कामावर देणाऱ्याचे नावही लावता येते. डिझेल, होडीच्या यंत्राची दुरुस्ती आणि नावाड्याचे वेतन यांवर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. म्हणून रक्कम देताना ती चालू खर्चासाठी आहे असे लेखी कळवावे आणि वर्षाअखेरीस हिशेब मागावा.

पाहुणा म्हणून जाणाऱ्याने गावकऱ्यांच्याच पाहुणेघरात उतरावे, होडी आणि वाटाड्या गावातलाच घ्यावा, आणि पेन्सिली-चॉकलेटे वाटत फिरण्याऐवजी शाळेला काय हवे ते शिक्षकांनाच विचारावे. रिओ नेग्रोच्या काळ्या, आम्लयुक्त पाण्यामुळे तेथे डास फार कमी असतात, हा आपल्यासारख्यांना मोठाच दिलासा. जूनच्या सुमारास पाणी भरपूर असते आणि होडी थेट बुडालेल्या झाडांमधून जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळूचे किनारे सुंदर दिसतात, पण तेव्हा होडी कोठपर्यंत जाते हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.