उरल गिअर अप : कोलोरॅडोतल्या एका हिवाळ्यानंतर

मी नेदरलँडमध्ये राहतो. युरोपातल्या नव्हे, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत बोल्डरच्या वर डोंगरात याच नावाचं छोटं गाव आहे, साधारण 2500 मीटर उंचीवर. ऑफिस खाली बोल्डरमध्ये. मधला रस्ता म्हणजे बोल्डर कॅन्यन, 27 किलोमीटरच्या आसपास, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला ओढा. घरापासून हमरस्त्यापर्यंतचा तुकडा कच्चा, आणि बर्फ काढणारी गाडी तिकडे सगळ्यात शेवटी फिरकते. गेल्या ऑगस्टमध्ये जुनी पण फारशी न चाललेली उरल गिअर अप, म्हणजे बाजूला साइडकार जोडलेली मोटरसायकल, घेतली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या बर्फापासून एप्रिलच्या चिखलापर्यंत बहुतेक दिवस तिच्यावरच ये-जा केली. आईला फोटो पाठवला तर तिचा फोन, "अरे, एवढं शिकून शेवटी रिक्षाच घेतलीस?"

आईचं तसं फार चुकलेलं नाही. तीन चाकं आहेत, रिव्हर्स गिअर आहे, आणि वेगाचं म्हणाल तर हायवेवर लोक मागून दिवे दाखवतात.

थंडीत चालवायला तीन चाकी शोधायला लागलात की तीन अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली समोर येतात. पहिली, पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली, न झुकणारी : कॅन-ॲमची स्पायडर आणि रायकर. कोरड्या रस्त्यावर मजेदार, इलेक्ट्रॉनिक सुरक्षाही भरपूर. पण जोर फक्त मागच्या एका चाकाला, आणि ते चाक पुढच्या दोघांच्या मधून धावतं. म्हणजे पुढच्या चाकांनी दाबलेला बर्फ त्याला मिळतच नाही, त्याला स्वतःची वाट नव्याने तुडवावी लागते. त्यात गाडीचं पोट खाली. चार बोटं बर्फ ठीक, वीतभर झाला की गाडी नांगरायला लागते. गंमत अशी की हीच कंपनी बर्फावर चालणाऱ्या स्की-डूही बनवते. त्यांना बर्फ कळत नाही असं कोण म्हणेल? ही गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही, एवढंच.

दुसरा प्रकार झुकणाऱ्या गाड्यांचा. 2018 मध्ये आलेली यामाहाची निकेन आणि पॅरिसच्या रस्त्यांवर जागोजागी दिसणारी पिआजिओची एमपी3. पुढे दोन चाकं असल्यामुळे ओल्या रस्त्यावर, पाचोळ्यावर, बारीक खडीवर पुढची पकड छान राहते. एक चाक सटकलं तरी दुसरं धरून ठेवतं. चालवायची अगदी दुचाकीसारखी. पण सिग्नलला थांबल्यावर निकेन आपली आपण उभी राहत नाही, पाय टेकवावाच लागतो, आणि ती अडीचशे किलोंच्या वर आहे. बर्फाच्या काचेवर एका पायावर एवढं वजन पेलायचं असेल तर तिसऱ्या चाकाचे पैसे कशाला मोजायचे? एमपी3 ला थांबताना पुढचा भाग सरळ लॉक करायची सोय आहे, म्हणून शहरात ती शहाणी. माझ्या कच्च्या रस्त्यावर तिची छोटी चाकं टिकली नसती.

उरली साइडकार. कुठल्याही चांगल्या मोटरसायकलला साइडकार लावता येते, बुलेटलासुद्धा लावतात. पण तिथे साइडकारचं चाक नुसतं सोबत फिरतं. गिअर अपमध्ये एक दांडा ओढला की मागच्या चाकाबरोबर साइडकारच्या चाकालाही जोर मिळतो. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय या दांड्यावर झाला. हिवाळ्यात चाकं किती आहेत याला फार अर्थ नाही. त्यातली किती ढकलतात आणि कुठून धावतात, हे बघायचं.

गाडीची पार्श्वभूमी थोडक्यात. मूळ आराखडा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बीएमडब्ल्यू आर71 चा, सोव्हिएत संघाने तो एम-72 म्हणून उचलला. 1941 मध्ये जर्मन फौजा मॉस्कोकडे सरकल्या तेव्हा कारखाना उरल पर्वतापलीकडे इर्बितला हलवला. 2022 च्या युक्रेन युद्धानंतर जुळणी कझाकस्तानात पेट्रोपाव्लला गेली. माझी त्याआधीची, इर्बितची. इंजिन 749 सीसी, आडवे दोन सिलिंडर, हवेने थंड होणारं, 41 अश्वशक्ती. 2014 पासून फ्युएल इंजेक्शन आणि तिन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. जुनी घेणार असाल तर त्या वर्षाच्या अलीकडचीच बघा, बाकी सौदा सोडून द्या.

या 41 पैकी आमच्या गावात पोचेपर्यंत तीसच्या आसपास उरतात, कारण 2500 मीटरवर हवा विरळ. इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण सांभाळतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? गाडी साडेतीनशे किलोंच्या आसपास, त्यात माझं वजन, डबा, लॅपटॉप. संध्याकाळी कॅन्यन चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी आपल्या चालीने जाते, आणि मागे गाड्या साठल्या की मी रुंद जागा बघून बाजूला होतो. उत्पादकच 110 च्या आसपास थांबायला सांगतात. मी 90 च्या वर नेत नाही. रोज हायवेवरून जाणाऱ्याने हा परिच्छेद वाचून इथेच थांबलं तरी चालेल.

आता चालवण्याबद्दल, कारण दुचाकीवाल्याला खरा धक्का इथे बसतो. वीस वर्षं मोटरसायकल चालवलेली असली तरी पहिल्या आठवड्यात ते ज्ञान नडतं. झुकणं नाही, हँडल ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला गाडी जाते. साइडकार उजवीकडे असल्याने रेस दिली की गाडी उजवीकडे ओढते, सोडली की डावीकडे. उजव्या वळणावर वेग जास्त असेल तर साइडकार हवेत उठते. डाव्या वळणावर ती आधार देते, म्हणून तिथे माणूस फाजील धीट होतो; फार ताणलं तर साइडकारचं नाक दाबलं जाऊन मागचं चाक सुटू शकतं. नियम सोपा : उजव्या वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, अंग उजवीकडे टाकायचं, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. मी सप्टेंबरभर रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठचे आकडे काढत होतो. साइडकारमध्ये वाळूच्या दोन गोण्या. नव्याने शिकणाऱ्याने रिकाम्या साइडकारने निघूच नये. ती वाळू मी हिवाळाभर तशीच ठेवली. चाक अडकलं की मूठभर टाकायला बरी पडते.

परवान्याचा त्रास झाला नाही, इथे दुचाकीचा शिक्का तीन चाकीलाही चालतो. उलटा तोटा मात्र आहे. ऑगस्ट 2024 पासून कोलोरॅडोत थांबलेल्या गाड्यांच्या मधून मोटरसायकल पुढे काढायला परवानगी मिळाली, पण ती फक्त दुचाकीला. आणि परवानगी असती तरी ही रुंदी कुठून घुसणार!

तर तो दांडा. जोर दोन चाकांना जातो तेव्हा मधे डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतं, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. डांबरावर तो ओढून वळायला गेलात तर गाडी वळत नाही, सरळ जाण्याचा हट्ट धरते, आणि आतल्या भागांवर ताण येतो. मोकळा बर्फ, चिखल, वाळू, आणि कमी वेग, एवढ्यापुरताच तो वापरायचा. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तकात नसतं ते असं की कोलोरॅडोचा हिवाळा एकसलग नसतो. रात्री फूटभर पडतो, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. दुपारपर्यंत दक्षिणेला तोंड असलेली वळणं कोरडी ठणठणीत, आणि कड्याच्या सावलीतल्या वळणांवर तोच बर्फ वितळून, पुन्हा गोठून काच झालेला. म्हणजे दोनशे मीटर बर्फ, तीनशे मीटर डांबर, पुन्हा बर्फ. सारखं घाल-काढ करण्यापेक्षा मी कॅन्यनमध्ये दांड्याला हातच लावत नाही. घराजवळच्या कच्च्या चढावर ओढतो आणि हमरस्त्याला लागायच्या आधी सोडतो. वापर एवढासाच, पण तो नसता तर मी घरातून बाहेरच पडू शकलो नसतो. शेजाऱ्यांची फोर व्हील ड्राइव्ह साध्या टायरवर गुरगुरत उभी असते आणि ही बाजूने टुकूटुकू वर जाते, तेव्हाचं सुख वेगळं.

दोन चाकं ढकलतात म्हणून गाडी लवकर थांबते, हा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. काचेसारख्या बर्फावर उतारात ही कुठल्याही गाडीसारखीच घसरते. त्यातही आधी हार मानतं ते पुढचं चाक. त्याच्यावर वजन कमी आणि दिशा देण्याचं सगळं काम त्याचं एकट्याचं. हँडल वळवलेलं आहे आणि गाडी सरळ चालली आहे, हा अनुभव डिसेंबरात घेतला. उपाय म्हणजे उतारात खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरायचं, पायाचा ब्रेक हळू वापरायचा, तो मागचं आणि साइडकारचं अशी दोन्ही चाकं धरतो. पुढचा ब्रेक बर्फावर विसरायचा. टायरवर पैसे घालायचे असतील तर सगळ्यात चांगला टायर पुढे लावा. बहुतेक लोक मागे लावतात, कारण चढ चढला नाही की लाज वाटते. खाली उतरताना जे होतं ते लाजेच्या पलीकडचं असतं.

मी गाडी घरी ठेवली ते दिवस दोन प्रकारचे. एक, वाऱ्याचे. रॉकी पर्वतावरून हिवाळ्यात खाली येणारा चिनूक वारा बोल्डरच्या पट्ट्यात कधीकधी ताशी 160 किलोमीटरपर्यंत जातो. बार्कर जलाशयाच्या काठाने जाताना साइडकारसुद्धा पानासारखी हलते. दुसरे, गोठत्या पावसाचे. अशा दिवशी सरळ बस. नेदरलँडहून बोल्डरला बस आहे, आणि तिच्यात ऊब असते.

थंडीच्या कपड्यांवर फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. हँडलला बाहेरून लावायचे मोठे कव्हर आणि गरम होणाऱ्या मुठी, एवढं केलं की साधे हातमोजे पुरतात. बॅटरीवर गरम होणारे महागडे हातमोजे मी आधी घेतले होते, जानेवारीत डाव्या हाताचा बंद पडला. नाव घेत नाही, पण तो खर्च टाळा. आडव्या सिलिंडरची धग नडग्यांना लागते, ही या इंजिनाची फुकटची सोय. हेल्मेटच्या काचेला आतून, वाफ धरू नये म्हणून, दुहेरी पडदा हवाच.

देखभाल हा स्वतंत्र विषय आहे आणि ज्याला पाना हातात धरायचा कंटाळा आहे त्याने ही गाडी घेऊ नये. इंजिनचं तेल, गिअरबॉक्सचं तेल, मागच्या ड्राइव्हचं तेल, व्हॉल्व्हचं अंतर, स्पोकचा ताण. दर 5000 किलोमीटरला एक निवांत शनिवार द्यावा लागतो. काम अवघड नाही, सिलिंडर बाहेरच आलेले असल्यामुळे स्टुलावर बसून चहा पीत व्हॉल्व्ह बघता येतात. चेन नाही, शाफ्ट आहे, म्हणून हिवाळ्यात एक मोठी कटकट वाचते. खरा शत्रू रस्त्यावरचा मॅग्नेशियम क्लोराइड. इथे बर्फ वितळवायला त्याचं द्रावण फवारतात, ते प्रत्येक फटीत जातं आणि हवेतला ओलावा धरून बसतं. दर आठवड्याला कोमट पाण्याने खालून गाडी धुवायची, नट-बोल्टवर गंजरोधक मारायचा, वायरच्या जोडांना ग्रीस लावायचं. एवढं करूनही मार्चमध्ये स्पोकच्या टोकांवर पांढरी बुरशी दिसायला लागलीच.

पेट्रोल 13-14 किलोमीटरला लिटर. 19 लिटरची टाकी, म्हणजे अडीचशेच्या आत पंप शोधायचा. कोलोरॅडोत साधं पेट्रोल 85 ऑक्टेनचं असतं, ते घालू नका; प्रीमियम घाला.

एप्रिलनंतर गाडीचा दुसरा जन्म सुरू झाला. आमच्याकडे स्वित्झर्लंड ट्रेल नावाची वाट आहे, जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या मार्गावरची. 1919 मध्ये ती रेल्वे बंद झाली, रूळ उचलले, आता तिथे दगडधोंड्यांचा रस्ता उरला आहे. रेल्वेमुळे चढ मात्र सौम्य, आणि दम कमी असलेल्या या गाडीला असाच रस्ता मानवतो. अडचण वेगळीच निघते. जीपगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्यांमधलं अंतर आणि आपल्या दोन बाजूंमधलं अंतर जुळत नाही. एक बाजू चाकोरीत घातली की दुसरी मधल्या उंचवट्यावर चढते, आणि गाडी सतत कलती. साइडकार वरच्या बाजूला ठेवून रिकाम्या साइडकारने जाणं सगळ्यात धोक्याचं. दुचाकीला वाट एकच शोधायची असते, इथे तीन. दगड चुकवताना कुठल्या चाकाने चुकवायचा ते आधी ठरवावं लागतं. पहिल्या तासात दंड भरून येतात. पण थांबून पाणी प्यायचं, पाय खाली न टेकता, स्टँड न लावता, मध्येच चढावर हँडब्रेक ओढून, ही चैन दुचाकीवर नाही. शिवाय मुलगी साइडकारमध्ये बसून नकाशा वाचते आणि मला चुकीच्या फाट्यावर नेते.

किमतीचं काय, हे सगळेच विचारतात. नवी वीस हजार डॉलरच्या वर जाते. त्या पैशात बोल्डरमध्ये चांगली जुनी सुबारू येते, हीटरसकट, आणि माझ्या बायकोने ती घेतलीही आहे. घरात एक चारचाकी असेल, रस्त्याचा काही भाग कच्चा असेल, हायवे टाळता येत असेल आणि हात काळे करायची हौस असेल, तर गिअर अप घ्या. रस्ता पूर्ण डांबरी आणि सकाळी आठच्या आत साफ होत असेल तर झुकणारी तीन चाकी जास्त आनंद देईल, वेगही देईल.

माझ्यापुरतं पुढच्या हिवाळ्याचं ठरलं आहे. कोलोरॅडोत खिळ्यांचे टायर चालतात, तर ऑक्टोबरमध्ये पुढच्या चाकाला खिळे मारलेला टायर चढवायचा, मागच्या दोघांना खोल नक्षीचे साधे. जुने डुरो कंपनीचे टायर गॅरेजमध्ये टांगून ठेवलेत, ते मे महिन्यात परत.