चढावरही चौथाच गिअर: इलेक्ट्रिक स्कूटरला बसवलेलं साउंड किट

नाशिकच्या सातपूरला सीएनसी लेथवर बावीस वर्षं काढली. टूल बोथट झालं की माप घ्यायच्या आधी कानाला कळतं. असा माणूस स्प्लेंडर विकून इलेक्ट्रिक स्कूटरवर बसला की काय होणार? पहिला महिनाभर सिग्नल सुटला की डावा पाय गिअर शोधायचा.

शेवटी शालिमारजवळच्या एका दुकानातून इंजिनासारखा आवाज काढणारं साउंड किट बसवून घेतलं. 2,800 रुपये, फिटिंगचे 300 वेगळे. हातभर वायर, एक वॉटरप्रूफ स्पीकर, सर्किटची छोटी डबी आणि हँडलला आवाजाचं बटण. दुकानातल्या पोराने फूटबोर्ड खोलला, एक वायर स्पीडच्या सिग्नलला आणि दुसरी हॉर्नच्या 12 व्होल्टच्या लाइनला जोडली. नुसती टेप गुंडाळून तो मोकळा होत होता. मी समोरून कनेक्टर आणून दिले तेव्हा कुठे नीट जोडलं. आणि हो, गाडीची वॉरंटी चालू असेल तर अशी वायर कापण्याआधी दहादा विचार करा.

रेंजची काळजी मात्र नको. स्पीकर 20 वॅटचा. तासभर वाजला तर 20 वॅट-तास, आणि माझी गाडी एका किलोमीटरला साधारण 30 खाते.

सुरुवातीचे दोन दिवस मजा आली, खोटं कशाला बोलू. कॉलेज रोडवर आवाज चढतो, मग एकदम खाली येतो, जणू दुसरा पडला. पुन्हा चढतो, तिसरा. मग लक्षात आलं की हे 'गिअर' ठरलेल्या वेगालाच पडतात: 18, 31, 44. एका रविवारी बायकोला मागे बसवून पांडवलेणीच्या पायथ्याकडे चढत होतो. तिथे खरं इंजिन गुदमरलं असतं, मी तिसरा टाकला असता. हे मात्र 44 ला पोचलं आणि खुशाल चौथ्यात गेलं! मोटरवर किती लोड आहे हे त्याला ठाऊकच नाही. थ्रॉटल सोडला तरी आवाज अर्धा सेकंद मागून रेंगाळत येतो. बायको म्हणाली, "अहो, हे दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचं वाजतंय."

तिने नेमकं पकडलं. ह्युंदाईने 2023 मध्ये आयोनिक 5 एन ही इलेक्ट्रिक कार आणली, तिच्यात आठ खोटे गिअर आहेत. पण तिथे गिअर 'बदलताना' मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, क्षणभर खरोखर कापला जातो, म्हणून पाठीला झटका बसतो. कान आणि पाठ एकच गोष्ट सांगतात. आपल्याकडे रिव्होल्टने 2019 मध्येच आरव्ही400 बाइकला स्पीकर देऊन आवाज निवडायची सोय केली होती. मॅटरच्या एरा बाइकला तर खरोखरचा चार गिअरचा बॉक्स आणि क्लच आहे. माझ्या डबीत यातलं फक्त वाजणं आलंय.

तरी किट काढून टाकलेलं नाही, कारण रविवार कारंजा. तिथल्या गर्दीत दहाच्या स्पीडने जाताना माझी गाडी कुणाला ऐकूच जायची नाही. एक आजोबा पिशवी सांभाळत थेट पुढ्यात आले होते. हळू चालताना टायरचाही आवाज नसतो ना. युरोपात 2021 पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक कारला 20 किलोमीटर वेगापर्यंत आवाज करावाच लागतो, तो याचसाठी. आता गर्दीत बटण दोनवर ठेवतो, लोक आपोआप बाजूला होतात. हॉर्न जवळजवळ बंद झालाय. मोकळ्या रस्त्यावर किट बंद. सिग्नलला तर बंद करावंच लागतं, कारण उभ्या गाडीतही ते धकधकत राहतं. त्र्यंबक नाक्यावर शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काका, बॅटरीच्या गाडीला सायलेन्सर कुठून आणला?"

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही रविवार कारंजाचे.

परवा वायर तपासायला दुकानात गेलो तर पोरगा म्हणाला, "काका, नवीन व्हर्जन आलंय, बुलेटचा आवाज. सहाशे जास्त."

"चढावर खालचा गिअर टाकतो का तो?"

"चढ आणि आवाजाचा काय संबंध, काका?"